चिंचेपाशी वळलेला माणूस

गेनबा जमादार जबानी घ्यायला आले की साक्षीदारांना आधी एकमेकांपासून लांब बसवायचे. एकाला चावडीच्या या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला, तिसऱ्याला मारुतीच्या देवळामागं. ज्याचा त्याला वेगळा चहा. मधेच कुणी कुणाशी बोललं तर ते रागावत नसत. वही मिटायचे, पेन्सिल कानावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता काय लिवू? उष्टं झालं."

उष्टं हा त्यांचा खास शब्द होता. एकाने पाहिलेलं दुसऱ्याने ऐकलं, की दुसऱ्याची आठवण उष्टी होते असं त्यांचं म्हणणं. "मग ती कुणाची म्हणून कागदावर घ्यायची, मास्तर? ह्याची का त्याची?" असं मला ते विचारत. चाकणच्या चौकीतले बाकीचे शिपाई त्यांची टिंगल करत. फौजदारांना तर ही वेळ खाणारी खोड वाटे. चार माणसं एकत्र उभी केली आणि एकाने सांगितलं, की बाकीच्या तिघांनी माना डोलवायच्या, पंधरा मिनिटांत काम उरकायचं, ही चौकीची रीत होती. गेनबांना एका भांडणाला अख्खा दिवस लागायचा.

मी तेव्हा चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अलीकडच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर होतो. अक्षर बरं असल्याने पंचनाम्याला मला बोलावणं यायचंच. त्यातून गेनबांची ओळख झाली. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. डोळे कायम झोप न झाल्यासारखे. सव्वीस वर्षांची नोकरी झाली होती आणि तीत जे काही पाहिलं ते सगळं त्यांच्या चालण्यात उतरलं होतं. शाळेवरून जाताना ते पडवीत टेकायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि काही न बोलता पाचदहा मिनिटं बसून राहायचे. एकदा मी विचारलं होतं, की इतके खून पाहिलेत, तर खुनी माणूस ओळखू येतो का. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "खुनी कुटं भेटतो, मास्तर? मानूसच भेटतो दर वेळी. लई कंटाळा येतो त्याचा."

तेव्हा मला ते बोलणं कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कळलं, आणि ते माझ्याच अंगावर आलं.

आमच्या गावात रामभाऊंची पिठाची गिरणी होती. तेलाच्या इंजिनवर चालायची. तिचा फुकफुक आवाज शाळेत दिवसभर ऐकू यायचा, इतका की तो थांबला तरच लक्ष जायचं. रामभाऊ तापट. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती त्यांच्या हाताखाली वीस वर्षं राबत होता. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, खाली घातलेली मान. त्याने कुणाला उलट उत्तर दिलेलं गावाने ऐकलं नव्हतं. रामभाऊ त्याला नावाने हाक मारत नसत, "ए" म्हणत. आम्हा सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती.

त्या वर्षी पुणे-नाशिक रस्त्याचं काम चाललं होतं. खडी फोडायला बीडकडची काही कुटुंबं येऊन गावाबाहेर पालं टाकून राहिली होती. त्यांतला लिंबाजी नावाचा माणूस दळण घेऊन गिरणीत आला, तेव्हा मीही तिथे होतो. रामभाऊंनी त्याला उन्हात ताटकळत ठेवलं, मागून आलेल्यांची दळणं आधी केली. वर त्याच्या ज्वारीत खडे आहेत, जातं मोडेल, असं सगळ्यांदेखत सुनावलं. लिंबाजी पायली उचलून निघाला. जाता जाता काहीतरी जोरात बोलला. देवीच्या व्रणांनी भरलेला त्याचा चेहरा रागाने काळवंडला होता. डोक्याला लाल फेटा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामभाऊंचा खून झाला. गिरणीतच, इंजिन फिरवायच्या लोखंडी हँडलने डोक्यात घाव घातलेला.

मी त्या वेळी शाळेच्या पडवीत बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मुलं घरी गेली होती आणि मी उत्तरपत्रिका तपासत होतो. इंजिन थांबलं म्हणून मान वर केली. थोड्या वेळाने गिरणीच्या बोळातून एक माणूस बाहेर आला आणि भराभर नदीकडे गेला. त्याच्या हातात काहीतरी होतं. मी पुन्हा मान खाली घातली. मग बायकांची ओरड ऐकू आली.

गेनबा त्या दिवशी खेडला कोर्टाच्या कामावर होते. ते गावात पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर अख्खं गाव चावडीवर जमून रात्रभर बोललेलं होतं. लिंबाजीनेच केलं, कालच भांडला होता, लाल फेटा कुणी कुणी पाहिला होता. मीही त्या घोळक्यात होतो. "गुरुजी, तुम्ही तर पडवीत होता, तुम्हांला दिसला असेल," असं दहा जणांनी विचारलं आणि दहा वेळा मी सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना मला तो माणूस जास्त स्पष्ट दिसत गेला. सकाळी गेनबांसमोर बसलो तेव्हा मी शांतपणे सांगितलं, की तो लिंबाजी होता. लाल फेटा होता. चिंचेपाशी गेल्यावर त्याने वळून मागे पाहिलं, तेव्हा चेहरा दिसला, चेहऱ्यावर देवीचे व्रण होते.

गेनबांनी सगळं लिहून घेतलं. पेन्सिल थांबवून एकदाच विचारलं, "रात्री चावडीवर व्हतात?"

मी होतो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझी सही घेतली.

लिंबाजीला धरून नेलं. त्याची पालं दोन दिवसांत उठली. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. मलाही नाही, हे लिहायला आज जड जातं. आपण कर्तव्य केलं असंच मला वाटत होतं. लोक मला पारावर जागा करून देऊ लागले. साक्ष देणारा मास्तर म्हणून मला एक वजन आलं होतं आणि ते मला आवडत होतं.

महिन्याभराने गेनबा भर दुपारी शाळेत आले. मुलं जेवायला गेली होती. त्यांनी मला पडवीत त्याच जागी बसायला सांगितलं. उत्तरपत्रिका नव्हत्या, म्हणून मांडीवर हजेरीपट दिला. मग शाळेचा शिपाई बबन, पाच वर्षं माझ्याबरोबर असलेला, त्याला त्यांनी गिरणीच्या बोळात पाठवलं. तो बाहेर आला आणि नदीकडे चालू लागला. मला त्याची पाठ दिसली. मग चावडीच्या छपराआड तो दिसेनासा झाला.

"चिंच कुटं हाय?" गेनबांनी विचारलं.

मी बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच राहिलो. पडवीतून चिंच दिसत नव्हती. शेंडा तेवढा छपराच्या वर आलेला होता. बुंधा, वाट, तिथे वळणारा माणूस, यांतलं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्या पडवीत मी सात वर्षं बसत होतो.

मी म्हणालो, की कदाचित मी उठून उभा राहिलो असेन. त्यांनी उभं राहायला सांगितलं. तरी चिंच दिसेना. मी पायरी उतरलो असेन, असंही म्हणून पाहिलं. मी स्वतःच पुन्हा येऊन बसलो. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही, की त्या क्षणीही मला तो चेहरा दिसत होता. चिंचेखाली वळलेला, व्रणांनी भरलेला, रागाने काळवंडलेला.

"ह्या मानसाला चिंचेपाशी वळून बघताना तुमी बघितलंय, ह्यात मला शंका न्हाई," गेनबा म्हणाले. "पर कवा?"

मग मला कळलं. आदल्या दिवशी, दळण न घेता निघाला तेव्हा. गिरणीच्या दारात उभं राहून मी त्याला जाताना पाहिलं होतं, आणि चिंचेपाशी थांबून, मागे वळून तो ओरडला होता. तो चेहरा मी एका दिवसाने पुढे आणून, दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर बसवला होता. मुद्दाम काहीही केलं नव्हतं. झालं होतं.

मी त्यांना विचारलं, की मी आता काय करू. त्यांनी सांगितलं नाही. "मी सांगितलं, तर ती माझी साक्ष व्हईल. तुमची न्हाई," एवढंच म्हणाले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी आपल्या मुलीची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना ती तापाने गेली होती. शेवटच्या वेळी ते आणि त्यांची बायको दोघंही तिच्या उशाशी होते. बायको म्हणते, पोरगी पाणी मागत होती. त्यांना आठवतं, ती आईला हाक मारत होती. "दोघं हातभर अंतरावर व्हतो. दोघांचे कान शाबूत. एकदाच बोललो त्यावर. तिला वाटलं मी खोटं बोलतोय, मला वाटलं ती. मग पुन्ना कवा बोललो न्हाई. तिच्याजवळ तिचं ऱ्हाऊ दे, माझ्याजवळ माझं."

ते उठून गेले.

खटला पुण्याच्या सेशन कोर्टात उभा राहीपर्यंत सहासात महिने गेले. त्या महिन्यांत मी नीट झोपलो नाही. जबानी फिरवली तर काय होईल, हे फौजदारांनी मला बोलावून नीट समजावून सांगितलं. शाळा बोर्डाची, बदली बोर्डाच्या हातात. गावात राहायचं होतं, रामभाऊंच्या बायकोच्या तोंडाकडे रोज बघायचं होतं. माझी बायको म्हणाली, की जे दिसतंय ते सांगा. तिला मी कसं सांगणार, की दिसतंय ते अजूनही तेच आहे.

साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिल्यावर सरकारी वकिलांनी मला तो माणूस ओळखायला सांगितला. लिंबाजी समोर होता. फेटा नव्हता, गालफडं बसली होती. मी म्हणालो, "मी पाठ पाहिली. चेहरा पाहिला नाही." वकिलांनी माझी जबानी वाचून दाखवली, माझी सही दाखवली, मग मला फितूर ठरवून तासभर सोलून काढलं. मला काय देऊ केलं, कुणी धमकावलं, मी त्या दिवशी खोटं बोललो की आज, असं ते विचारत राहिले. मी दोन्ही दिवशी खोटं बोललो नव्हतो. पण हे सांगायला कोर्टात जागा नव्हती. मी चिंचेचं आणि छपराचं सांगितलं. कुणीतरी हसलं.

लिंबाजी सुटला. माझ्यावर कारवाई झाली नाही, बदलीही झाली नाही. गावाने मात्र वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

सुटल्यावर लिंबाजी एकदा शाळेत आला. मी वर्गातून बाहेर गेलो. तो हात जोडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. त्याने यांतलं काहीच केलं नाही. पालं कुठे गेली, बायको कुठल्या रस्त्यावर खडी फोडत असेल, ते त्याला कुणी सांगत नव्हतं. पण तो त्यासाठी आला नव्हता. हळू आवाजात त्याने विचारलं, "गुरुजी, मी तिथं नव्हतो ना?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग तो सांगत गेला. पोलीस म्हणायचे होतास, वकील म्हणायचा होतास, कोठडीतले म्हणायचे, गड्या, रागाच्या भरात माणसाला कळत नाही. रामभाऊच्या मरणाचं चित्र त्याने मनात इतक्यांदा आणलं होतं, की आता त्याला गिरणीचं दार, खाली पडलेलं पीठ, हातातलं हँडल हे सगळं दिसायचं. "मला दिसतंय, गुरुजी. मग मीच का काय?"

मी त्याला काय सांगणार होतो? मी पाठ पाहिली होती. मी एवढंच म्हणालो, की मी तुला पाहिलं नाही. त्याचं समाधान झालं नाही. मी त्याला घेऊन चाकणला गेनबांकडे गेलो. त्यांनी त्याला समोर बसवलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि कधी नव्हे ते ठाम आवाजात सांगितलं, "तू न्हवतास. ज्यानं केलं त्यानं मला सांगितलंय." लिंबाजी तिथेच खाली डोकं घालून बराच वेळ बसला. मग उठून रस्त्याने चालू लागला. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिकडे खडीचं काम आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो पुन्हा कधी दिसला नाही.

तो गेल्यावर मी गेनबांवर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. विचारल्यावर कळलं, की खटल्याच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. मग मला का सांगितलं नाही? मी कोर्टात तो चेहरा सांगितला असता तर?

ते म्हणाले, की भीती त्यांनाही वाटत होती. तसं झालं असतं तर नोकरीवर पाणी सोडून पिंजऱ्यात उभं राहायचं त्यांनी ठरवलं होतं, पण पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते आणि फौजदारांनी तर ती ऐकूनच घेतली नव्हती. मला सांगितलं असतं तर मी पाठीवर आता दुसरा चेहरा बसवला असता. "अन् तो बी तुमाला चिंचेपाशी वळताना दिसला असता," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, की श्रीपतीने केलं होतं. गेनबा रामभाऊंच्या तेराव्यानंतर एकटेच गिरणीत जाऊन बसले होते, आणि त्यांनी काही विचारायच्या आत तो बोलायला लागला होता. त्या दिवशी काय झालं होतं, हे मी विचारलं. गेनबा म्हणाले, की काहीच झालं नव्हतं. रामभाऊ रोजच्याच आवाजात म्हणाले होते, ए, पट्टा चढीव. वीस वर्षं म्हणत होते तसंच. श्रीपतीला हात वर गेलेला आठवत होता. खाली आलेला आठवत नव्हता. नदीवर हँडल धुताना तो शुद्धीवर आला, आणि परत येऊन बायकांबरोबर रडला, ते रडणं खरं होतं.

गेनबांनी त्याला खेडला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायला परोपरीने विनवलं. तो तयार झाला. रामभाऊंच्या मुलीचं लग्न तेवढं होऊ द्या म्हणाला. लग्न झालं. मग रामभाऊंची बायको आजारी पडली, तिचं बघायला दुसरं कुणी नव्हतं. गेनबा दर महिन्याला गिरणीत जाऊन बसायचे. मारहाण करून, धाक घालून कबुली घ्यायची त्यांची रीत नव्हती. तो आपण होऊन येईल, याची ते वाट पाहत राहिले.

तीन वर्षांनी, पेन्शनीत निघायच्या आठवड्यात, ते मला घेऊन शेवटचं गिरणीत गेले. श्रीपती आता गिरणीचा मालक होता. त्याने आम्हांला पोत्यावर बसवलं, गुळाचा खडा दिला. भिंतीवर रामभाऊंचा हार घातलेला फोटो होता. त्याकडे बघत त्याने रामभाऊंच्या मरणाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तो शेतावर होता, ओरड ऐकून धावत आला, बोळाच्या तोंडाशी लिंबाजी त्याला धडकून गेला, लाल फेटा, हातात हँडल. ज्या माणसापुढे त्याने सगळं कबूल केलं होतं, त्याच माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जमादार, तुमी लई केलंत. पर तो सुटला."

श्रीपतीच्या हातावर गेनबांनी आपला हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि आम्ही बाहेर पडलो.

वाटेत मी म्हणालो, की काय नाटक करतो हा माणूस. ते थांबले.

"नाटक न्हाई, मास्तर. त्याला आता तसंच आठवतंय. मीच उशीर केला."

चाकणला एस. टी.त चढताना त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटतं, सगळ्या नोकरीत त्यांना सर्वांत जास्त थकवलं ते त्या दुपारने.

वर्षभरातच ते गेले. पवनेच्या काठी त्यांच्या गावी दहाव्याला मी गेलो. घाटावर माणसं बरीच होती. त्यांच्या बायकोला लांबूनच नमस्कार केला. माझ्या मनात हेच घोळत होतं, की श्रीपतीने कबुली दिली होती हे माहीत असलेला आता मी एकटा उरलो, आणि ती मी स्वतः ऐकलेली नव्हती. गेनबांनी सांगितलेली ऐकली होती.

शेजारी बसलेला त्यांच्या गावचा एक माणूस गेनबांच्या कर्तबगारीचं सांगत होता. चाकणकडे एका गिरणीवाल्याचा खून झाला, तर गेनबांनी चिंचेखाली खडी फोडणाऱ्याला पकडला, लाल फेटेवाल्याला. कोर्टात एका मास्तराने त्याला बोट दाखवून ओळखला आणि फाशीच झाली त्याला.

मी सांगितलं, की फाशी झाली नाही, तो निर्दोष सुटला. तो मास्तर मीच.

खटल्याला चारच वर्षं झाली होती. त्या माणसाने माझ्याकडे आदराने पाहिलं, थोडं कीव आल्यासारखंही पाहिलं. "तुमच्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं, गुरुजी," तो समजूत घालत म्हणाला. "मी स्वोता कोर्टात व्हतो त्या दिवशी."

त्याच्या पलीकडे बसलेल्या दोघांनी माना डोलवल्या.